रात्रीची घरची प्रार्थना: वेळ, क्रम आणि ती नेमकी मोडते कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर बेळगावच्या बाहेर, खानापूर रस्त्याला. सासूबाई कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक, सून मेथडिस्ट (म्हणजे प्रोटेस्टंट) मंडळीत वाढलेली मराठी, मिस्टर उद्यमबागच्या फौंड्रीत पाळीनं कामाला, दोन मुलं इंग्रजी माध्यमात आणि शाळेत कन्नड सक्तीचं. रात्रीची प्रार्थना सुरू होते, आठ-दहा दिवस चालते आणि बंद पडते. काय म्हणावं, किती वेळ म्हणावं, कुठल्या भाषेत म्हणावं, आणि मिस्टर सेकंड शिफ्टला असतील त्या आठवड्यात काय करावं?

ताई, आधी वेळेचं बोलू. बहुतेक घरांत प्रार्थना शब्दांवर अडत नाही, घड्याळावर अडते.

दिवसाच्या शेवटी ख्रिस्ती परंपरेत जुन्या काळापासून दोन वेगवेगळ्या प्रार्थना आहेत. एक दिवे लागताना, दुसरी अंथरुणाला पाठ टेकण्याआधी. पहिलीला पश्चिमेकडच्या चर्चमध्ये व्हेस्पर्स म्हणतात, दुसरीला कॉम्प्लिन. दिवेलागणीची प्रार्थना सगळ्यांनी मिळून करायची असते. तिच्यात गाणं आहे, बायबलातलं स्तोत्र आहे, येशूच्या आईचं म्हणजे मरियेचं गीत आहे, दुसऱ्यांसाठी मागणं आहे. दिवा लावताना म्हणायचं एक ग्रीक गीत तर इतकं जुनं आहे की चौथ्या शतकातले संत बासिलसुद्धा ते पूर्वापार चालत आल्याचं सांगतात. झोपण्याआधीची प्रार्थना छोटी असते. दिवसाचा हिशेब, एक-दोन स्तोत्रं, म्हाताऱ्या शिमोनानं बाळ येशूला पाहून म्हटलेलं गीत, आणि जीव देवाच्या हाती देऊन गप्प बसणं, एवढीच ती. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टांच्या मठासाठीच्या नियमावलीत या प्रार्थनेनंतर कुणी बोलायचं नाही असंच लिहिलं आहे.

आपल्याकडे काय होतं? या दोन्ही एकत्र केल्या जातात आणि त्याही सव्वादहाला. जेवणं झाली, भांडी झाली, मालिका संपली, उद्याच्या डब्याची भाजी निवडून झाली, मग सगळ्यांना गोळा करायचं. धाकटं पेंगलेलं, सासूबाईंचे गुडघे दुखताहेत, मोठ्याचा गृहपाठ राहिलेला. त्यात गाणं, वचन, प्रत्येकाची प्रार्थना. पाऊण तास जातो. पहिले तीन दिवस उत्साहावर निघतात, चौथ्या दिवशी 'आज राहू दे' होतं, आणि आठवड्याभरात ती कधी बंद पडली हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून दोन वेगळ्या करा. घराची प्रार्थना दिवेलागणीनंतर, जेवणाच्या आधी. ज्याची त्याची प्रार्थना अंथरुणावर. पहिलीला बारा मिनिटं, दुसरीला तीन ते पाच.

वेळ घड्याळावर बांधू नका. बेळगावात नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, जूनअखेर सात वाजून जातात. 'रोज साडेसहा' ठरवलंत तर पावसाळ्यात मुलं खेळायची थांबलेली नसतात आणि हिवाळ्यात सूर्य बुडून अर्धा तास होऊन गेलेला असतो. रोज होणाऱ्या एखाद्या कामाला प्रार्थना जोडा: कणीक भिजवून झाकून ठेवली की, किंवा डेअरीला दूध घालून माणूस परत आला की. भाकरीचा तवा चढण्याआधी ही वेळ बहुतेक घरांना सोयीची पडते, कारण तवा चढला की एक बाई स्वयंपाकघरात अडकते आणि प्रार्थना तिच्याशिवाय होते. ती ज्या घरात तिच्याशिवाय होते, त्या घरात ती टिकत नाही.

आता क्रम. बाराही मिनिटांचा सांगते.

बसल्यावर आधी अर्धा मिनिट कुणी बोलू नये. फोन दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद. आवाज कमी करून चालू ठेवणं म्हणजे बंद नव्हे. मग सुरुवातीचं एक वाक्य, रोज तेच: स्तोत्र ७० च्या पहिल्या ओवीच्या धर्तीवर 'हे देवा, मला साहाय्य करायला त्वरा कर'. कॅथलिक मंडळी इथं क्रुसाची खूण करतात. ज्यांच्यात करत नाहीत त्यांनी स्वस्थ बसावं, कुणी कुणाकडं बघू नये.

मग गाणं, फार तर दोन कडवी. अख्खं गीत म्हणायचा मोह आवरा. मराठी घरांना इथं मोठा आधार आहे: कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर जी भजनं लिहिली त्यातली पुष्कळशी अभंगाच्या वळणाची आहेत. ती पेटी-तबल्याशिवाय, नुसत्या टाळीवर म्हणता येतात आणि आजूबाजूला वारकरी चाली ऐकत वाढलेल्या माणसाला शिकवावी लागत नाहीत. इंग्रजी चालींवर बेतलेली गीतं चार सुरांत गायची असतात. घरात तीन माणसांनी म्हटली की ती वर चढतात आणि तिसऱ्या ओळीला आवाज फाटतो. म्हणायचीच असतील तर पट्टी खाली धरा. मोठ्या माणसाला बोलताना जो सूर सहज लागतो, तिथूनच उचला.

गाण्यानंतर स्तोत्र. इथं थोडं थांबून सांगते, कारण स्तोत्र वाचायची आपल्याकडची सवय चुकीची पडली आहे. एकजण भराभरा वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि संपल्यावर काय वाचलं ते कुणालाच सांगता येत नाही. स्तोत्राची जवळजवळ प्रत्येक ओवी दोन भागांची असते: पहिल्या भागात एक गोष्ट सांगितलेली असते, दुसऱ्यात तीच वेगळ्या शब्दांत पुन्हा किंवा एक पाऊल पुढं नेलेली. बसलेल्यांचे दोन गट करा. एका गटानं पहिला भाग म्हणायचा, एक श्वास थांबायचं, दुसऱ्या गटानं दुसरा. मराठी बायबलात बहुतेक ठिकाणी मध्ये अर्धविराम असतो, तिथंच थांबायचं. पहिले दोन दिवस गोंधळ होतो. कुणीतरी आधी सुरू करतो, कुणाचा श्वास पुरत नाही. तिसऱ्या दिवसापासून घराची लय बसते. ज्या मुलाला वाचता येत नाही तेही दुसऱ्या गटाबरोबर शेवटचे शब्द म्हणू लागतं, आणि महिन्याभरात त्याला ती ओवी पाठ असते.

कुठलं स्तोत्र? बेनेडिक्टांच्या नियमावलीत झोपण्याआधी रोज तीच तीन आहेत: ४, ९१ आणि १३४. त्यातलं चौथं आठ ओव्यांचं, एक्क्याण्णवावं सोळा, एकशे चौतिसावं फक्त तीन. रोज तीच असल्यामुळं ती अंधारातही म्हणता यायची. आजच्या रोमन प्रार्थनाग्रंथात वारानुसार वाटणी आहे: सोमवारी ८६, मंगळवारी १४३, बुधवारी ३१ च्या पहिल्या सहा ओव्या आणि १३०, गुरुवारी १६, शुक्रवारी ८८, शनिवारी रात्री ४ आणि १३४, रविवारी रात्री ९१. पण तिथंच अशीही मुभा आहे की ज्याला पाठ म्हणायचं आहे त्यानं रोज रविवारचंच म्हटलं तरी चालेल. घरासाठी माझा सल्ला हाच: पहिले तीन महिने तीनच स्तोत्रं फिरवा, ४, १२१ आणि १३४. पाठ झाली की ९१ घ्या. मग हवी तर वारांची वाटणी. ११९ हे १७६ ओव्यांचं स्तोत्र घरच्या प्रार्थनेत एकदम घेऊ नका. त्याचे आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग आधीच पाडलेले आहेत, त्यातला एक भाग पुरे.

शुक्रवारच्या ८८ बद्दल दोन शब्द. संबंध स्तोत्रसंहितेत इतकं काळोखं दुसरं नाही. ते अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाची ओळ नाही. म्हणून पुष्कळजण ते गाळतात. लहान मुलं बसलेली असतील तर गाळा, हरकत नाही. पण घरात मयत झालेलं असेल, कर्जाचा तगादा लागला असेल, कुणी दवाखान्यात असेल, तर मोठ्या माणसांनी ते जरूर म्हणावं. दुःखातल्या माणसाला बळेच आनंदाचं गीत म्हणायला लावणं ही प्रार्थनेत होणारी सगळ्यात निष्ठुर चूक आहे.

एक अडचण तुमच्या घरात नक्की येईल. सासूबाईंचं जुनं कॅथलिक पुस्तक असेल तर त्यातला स्तोत्रांचा क्रमांक तुमच्या बायबलापेक्षा बहुतेक ठिकाणी एकानं कमी भरेल: तुमचं ९१ म्हणजे त्यांचं ९०. जुनी लॅटिन मोजणी वेगळी होती, एवढंच कारण. मुलाच्या कन्नड सत्यवेदात (बायबलात) मात्र क्रमांक तुमच्यासारखेच आहेत. तिथं स्तोत्रसंहिता 'कीर्तनेगळु' या नावानं सापडेल.

स्तोत्रानंतर दिवसाचा हिशेब. बारा मिनिटांतली तीन याला द्या, आणि वेळ कमी असेल त्या दिवशी गाणं सोडा पण हे सोडू नका.

याची सगळ्यात नेटकी पद्धत लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी घालून दिली. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. पायऱ्या पाच आहेत: मिळालेल्याबद्दल आभार, आपलं पाप दिसावं म्हणून कृपेची मागणी, उठल्यापासून आत्तापर्यंत तासातासानं दिवस तपासणं, क्षमा मागणं, आणि उद्यासाठी एक निश्चय. शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही. यात क्रमाला फार महत्त्व आहे. आभार आधी, चूक नंतर. उलटं केलंत की माणूस आपल्या चुकांभोवतीच घुटमळतो, आणि मग आभार मानायची वेळ येते तेव्हा मन राहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट, हिशेब बारीक हवा. 'प्रभू, आजच्या दिवसाबद्दल आभार, आमच्या सर्व पापांची क्षमा कर' हे वाक्य खोटं नाही, पण त्यात दिवस कुठंच नाही. ते कालही असंच म्हटलं होतं. समजा आज सकाळी नळावर शेजारणीशी वाजलं, दुपारी गणपत गल्लीत दुकानदारानं वीस रुपये जास्त दिले आणि तुम्ही ते परत केले, संध्याकाळी मोठ्याला गणितावरून पाठीत धपाटा बसला. तर मनातल्या मनात असं म्हणा: 'देवा, पाणी आज दहा मिनिटं जास्त आलं, सगळी भांडी भरली, आभार. वीस रुपये परत करायची बुद्धी दिलीस, आभार. नळावर मी तिला तिच्या नवऱ्याच्या दारूवरून बोलले. ते तिला लागणार हे ठाऊक असून बोलले. क्षमा कर. पोराला मारलं ते गणितासाठी नाही, नळावरचा राग माझ्या हातात होता. क्षमा कर. उद्या पाण्याला गेल्यावर मी आधी बोलेन.' एवढंच. निश्चय एक असावा आणि उद्या करता येईल असा असावा. 'यापुढं कधीच रागावणार नाही' हा निश्चय दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत मोडतो आणि मग माणूस हिशेब करणंच सोडून देतो.

इथं घरात तीन गोष्टी पाळाव्या लागतात, नाहीतर हिशेबाची वेळ भांडणाची होते. मोठ्यानं बोलायची ती फक्त स्वतःची चूक, आणि तीही सांगावीशी वाटली तर. मुलाची चूक आईबापांनी प्रार्थनेत बोलून दाखवायची नाही. 'देवा, याला खोटं न बोलायची बुद्धी दे' असं सगळ्यांसमोर म्हणणं ही प्रार्थना नव्हे, ते देवाच्या आडून दिलेलं रागावणं आहे, आणि मुलाला ते लगेच कळतं. सून-सासू यांच्यात तर हा नियम दुप्पट पाळा. तिसरी गोष्ट, मोठ्या माणसानं चूक केली असेल तर तिथंच, मुलाच्या तोंडाकडं बघून 'माझं चुकलं' म्हणावं. इफिसकरांस पत्रात सांगितलं आहे की तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये. दिवेलागणीला हे करण्यामागं तोही अर्थ आहे: राग घेऊन जेवायला बसायचं नाही.

काही माणसांच्या बाबतीत मात्र हिशेब वाढतच जातो. तीच चूक रोज उगाळायची, क्षमा मागून झाली तरी मागितली का याचीच शंका, मग पुन्हा मागायची. हे भक्तीचं लक्षण समजू नका. अशा माणसानं तीन मिनिटांची मर्यादा कडक पाळावी, एकदाच क्षमा मागावी आणि प्रभूच्या प्रार्थनेनं ते दार लावून घ्यावं. तरी थांबत नसेल तर फादरांशी किंवा पाळकसाहेबांशी बोलावं, आणि झोप उडाली असेल तर डॉक्टरांकडंही जावं. दोन्हीकडं जाण्यात काही विरोध नाही.

यानंतर दुसऱ्यांसाठी मागणं, आणि इथं घड्याळ पुन्हा हातातून निसटतं. नियम एकच: प्रत्येकानं एक नाव, एक वाक्य. 'खानापूरच्या मामींचा गुडघा.' 'आज रात्री हायवेवर गाडी चालवणारे सगळे.' 'ऊसतोडीला आलेली, पालात झोपणारी पोरं.' 'फौंड्रीत रात्रपाळीला असलेले.' बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यानंतर 'प्रभू, ऐक' म्हणायचं. मुलांना हे फार आवडतं आणि त्यांची नावं कुणी दुरुस्त करू नयेत. कुत्र्याच्या पिल्लासाठी मागितलं तर तेही मागणंच आहे. पाहुणे आलेले असतील, त्यात कुणी वडीलधारे प्रार्थना चालवणारे असतील, तर त्यांना मागण्याला बसवू नका. त्यांना शेवटचा आशीर्वाद द्यायला सांगा. मान राहतो आणि वेळही राहतो. लांबलेली प्रार्थना बहुतेकदा मागण्यातच उपदेशाकडं वळते: 'देवा, आजकालच्या मुलांना तू जाणतोस...' इथून पुढं ती देवाशी नसते.

आपल्या भागापुरती एक गोष्ट. सीमाप्रश्नाचं वारं तापलं की, विशेषतः एक नोव्हेंबरच्या आसपास, मागण्यांत एक बाजू शिरते. घरात मराठी, कोकणी, कन्नड तिन्ही आहेत हे विसरू नका. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सगळ्या माणसांसाठी आणि अधिकारावर असलेल्यांसाठी मागायला सांगितलं आहे, आणि त्यात राज्याची हद्द घातलेली नाही. दोन्हीकडच्या पोलिसांसाठी, बस बंद पडल्यामुळं अडकलेल्यांसाठी मागा. आपलं म्हणणं सभेत मांडायचं असेल तर ते जरूर मांडा. प्रार्थनेत कुणाच्या विरुद्ध मागू नका.

मग प्रभूची प्रार्थना, सगळ्यांनी एकत्र. आणि इथंच तुमच्या घरात रोज ठेच लागत असणार. सासूबाई 'आम्हांला वाइटापासून सोडव' इथं आमेन म्हणून थांबतात, तुम्ही 'कारण की राज्य, पराक्रम व गौरव...' असं पुढं जाता. दोघींनाही अवघडल्यासारखं होतं, मुलं हसतात. यात कुणाचं चूक नाही. शेवटची ओळ मत्तयाच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही, पण फार जुन्या काळापासून उपासनेत म्हटली जाते. कॅथलिक मिस्सामध्येसुद्धा (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ती येते, फक्त मध्ये धर्मगुरूंची एक छोटी प्रार्थना झाल्यावर. तेव्हा तेच करा. 'सोडव' इथं सगळ्यांनी थांबा, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं 'प्रभू, आमच्या दिवसात शांती दे' एवढं म्हणावं, आणि मग शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून. दोघींचंही राहतं. शब्द कुठले घ्यायचे हे एकदाच ठरवा, 'ऋण' की 'अपराध', आणि मग बदलू नका.

शेवटी आशीर्वाद, एक वाक्य, आणि उठायचं.

आता जपमाळ. सासूबाईंचा तेर्स (कोकणीत जपमाळ) हा त्यांचा आयुष्यभराचा नेम आहे. तो या बारा मिनिटांत कोंबू नका आणि बंदही करू नका. पाच दशकांना, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच फेऱ्यांना, पंधरा ते वीस मिनिटं लागतात, लादाईन (शेवटची विनवण्यांची माळ) धरली तर जास्त. त्यांनी तो आधी, सहाच्या घंटेला दूतवंदना (देवदूतानं मरियेला दिलेल्या निरोपाची छोटी प्रार्थना) झाली की म्हणावा. ज्याला बसायचं त्यानं बसावं. प्रत्येक फेरीला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरतात, त्याला रहस्य म्हणतात: सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली, त्यामुळं जुन्या पुस्तकात ती सापडणार नाहीत आणि गुरुवारीही आनंदाचीच दिलेली असतील. तुम्हाला 'नमो मरिये' म्हणायला मन घेत नसेल तर म्हणू नका, पण त्याचा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातलाच आहे हे लक्षात असू द्या. शेजारी बसून ते रहस्य शुभवर्तमानातून वाचून दाखवणं हे मेथडिस्ट सुनेला सहज करता येतं, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना त्याची मदतही होते. मरियेचं गीत, लूक १:४६ ते ५५, तर दोन्हीकडचं आहे. रविवारी संध्याकाळी ते सगळ्यांनी मिळून म्हणा.

भाषेचं कोडं वाटतं तेवढं अवघड नाही. ठरलेले शब्द एकाच भाषेत ठेवा: सुरुवातीचं वाक्य, स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. तुमच्या घरात ती मराठी असावी, कारण ती सगळ्यांना कळते. मागणं आणि आभार ज्याला जी भाषा येईल तीत. सासूबाईंनी कोकणीत, मुलांनी इंग्रजीत मागितलं तर भाषांतर करत बसू नका. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला देवनागरी अडखळत येते. त्याला सगळ्यांसमोर वाचायला लावून टोकू नका. त्याला आठवड्याला एक ओवी कानानं शिकवा, वाचन मागून येईल. १३४ तीन ओव्यांचं, ते तीन आठवड्यांत होतं.

अंथरुणावरची प्रार्थना ज्याची त्यानं. मोठ्यांसाठी: पडण्याआधी बसून स्तोत्र ४ ची शेवटची ओवी, मग शिमोनाचं गीत, लूक २:२९ ते ३२, आणि शेवटी वधस्तंभावर प्रभूनं उच्चारलेलं 'हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो'. ते स्तोत्र ३१ मधून आलं आहे, म्हणून बुधवारच्या वाटणीत ते आहे. रोमन परंपरेतला शेवटचा आशीर्वाद शांत रात्र आणि चांगला शेवट या दोन्ही गोष्टी मागतो. मोठ्या माणसानं मरणाचं नाव रोज एकदा न घाबरता घ्यावं, यात मोठं बळ आहे. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला झोपताना मरणाची वाक्यं शिकवू नका. त्याला रात्रीची भीती आधीच असते. मुलाला १२१ ची चौथी ओवी द्या, इस्राएलाचा रक्षक झोपत नाही आणि डुलकीही घेत नाही ती. किंवा जर्मन धर्मसुधारक लूथरनं १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत दिलेल्या संध्याकाळच्या प्रार्थनेचा गाभा चार वाक्यांत: आज सांभाळलंस, आभार, चुकलं ते क्षमा कर, रात्री सांभाळ, तुझा दूत माझ्याजवळ असो. त्या प्रार्थनेखाली लूथरनं पुढची सूचनाही दिली आहे: मग लगेच आणि आनंदानं झोपी जा. ही सूचना पाळायची असते. प्रार्थनेनंतर फोन हातात घेतला की झालेली सगळी प्रार्थना वाया गेली असं नाही, पण मनात शेवटी राहतं ते फोनवरचंच.

झोप येत नसेल तर नवीन प्रार्थना सुरू करू नका, मागण्यांची यादी तर मुळीच नको. यादीनं डोकं जास्तच जागं होतं. श्वास घेताना 'प्रभू येशू', सोडताना 'माझ्यावर दया कर'. पूर्वेकडच्या चर्चमधली ही जुनी रीत आहे. मोजायचं नाही. मध्येच झोप लागली तर प्रार्थना अपुरी राहिली असं मानायचं नाही.

मिस्टरांच्या पाळीचं आता. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ते अकरानंतर घरी येतील. त्यांच्यासाठी घराची प्रार्थना अडवून ठेवू नका, आणि आल्यावर त्यांना जागं ठेवून पुन्हा करायलाही लावू नका. दिवेलागणीला त्यांचं नाव मागण्यात पहिलं घ्या. ते आल्यावर जेवायच्या आधी दोघांनी उभ्याउभ्याच १३४ म्हणा; ते स्तोत्र रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहणाऱ्या सेवकांसाठीच आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात त्यांच्या दिवसाचा शेवट सकाळी आठला होतो, तेव्हा त्यांचा हिशेब आणि शिमोनाचं गीत सकाळी, पडदे ओढून झोपण्याआधी. रविवारी ते घरी असतील तेव्हा प्रार्थना त्यांनी चालवावी. आठवडाभर नसलेला माणूस नुसता बसून राहिला की त्याला ती परक्याची वाटू लागते.

आणि मोडली तर? मोडेलच; पाहुणे, जत्रा, परीक्षा, आजारपण आहेच. खानापूरकडं पावसात दोन-दोन दिवस वीज जाते, म्हणून तर पाठ असण्यावर एवढा भर दिला. पुन्हा सुरू करताना संपूर्ण बारा मिनिटांपासून करू नका, आणि राहिलेल्या दिवसांची भरपाई तर अजिबात करू नका. पहिला आठवडा फक्त १३४, एक मिनिट हिशेब आणि प्रभूची प्रार्थना, मिळून चार मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात मागणं जोडा, तिसऱ्यात गाणं. घरात त्या दिवशी दोघंच असतील तरी करा, आणि एकटंच कुणी असेल तर त्यानं स्तोत्राचे दोन्ही भाग स्वतःच म्हणावेत, मधली थांबायची जागा तेवढी सोडू नये.